वुहानचे पहिले सहा आठवडे: ५९ चे ४१ कसे झाले आणि हे आकडे वर्गात कसे वाचायला शिकवायचे?

पीएसएम_वर्ग (प्रश्न)

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी दोन तासांचा सराव तयार करतेय. विषय असा: नवा संसर्गजन्य आजार दिसला की पहिल्या काही आठवड्यांत त्याचा फैलाव मोजायचा कसा. धुऊन-पुसून ठेवलेला डेटा द्यायचा नाही. चीनच्या वुहान शहरातून कोविडच्या सुरुवातीला जसे आकडे बाहेर आले तसेच हातात द्यायचे, कारण प्रत्यक्षात असाच माल येतो.

वुहानच्या आरोग्य आयोगाने जाहीर केलेली एकूण रुग्णसंख्या: ३१ डिसेंबर २०१९ ला २७, ३ जानेवारीला ४४, ५ जानेवारीला ५९. मग ११ जानेवारीला एकदम ४१. १६ जानेवारीपर्यंत आकडा ४१ वरच बसून. त्यानंतर ४५, ६२, आणि २० जानेवारीच्या निवेदनात १९८. पुढे १२ फेब्रुवारीला हुबेई प्रांतात (वुहान याच प्रांतात) एका दिवसात १४,८४० नवे रुग्ण.

अडचणी अशा:

१. ही मालिका आलेखावर मांडून दुपटीचा काळ काढू द्यावा का? एकूण रुग्णसंख्या कमी कशी होऊ शकते, हा पहिला प्रश्न मुलं विचारणारच.

२. लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेवरून एपि-कर्व्ह (तारखेनुसार नव्या रुग्णांचा आलेख) काढला की शेवटचे आठ-दहा दिवस नेहमी उतार दिसतो. तो खरा की खोटा, हे त्याच दिवशी कसं ओळखायचं?

३. सुरुवातीच्या शोधनिबंधात आर-नॉट (एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा, पुढे नुसता 'आर') २.२ दिलाय. दुपटीचा काळ ७.४ दिवस घेऊन मुलांनी तो काढला तर १.७ पासून २ पर्यंत काहीही येतं. चूक कुठे होतेय?

४. जाहीर आकडा ४१ असताना बाहेरच्यांनी हजारांचे अंदाज बांधले ते कशाच्या जोरावर?

---

साथवही

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: ही मालिका एका रेषेने जोडू देऊ नका. ती एक मालिका नाहीच.

५ जानेवारीचे ५९ म्हणजे 'कारण न सापडलेला न्यूमोनिया' असलेले रुग्ण. तेव्हा विषाणू जाहीर झालेला नव्हता, चाचणी नव्हती. ११ जानेवारीचे ४१ म्हणजे त्यांतले प्रयोगशाळेत नव्या कोरोनाविषाणूसाठी पॉझिटिव्ह आलेले. आधी संशयित मोजले, मग निश्चित मोजले, आणि दोन्हींना 'रुग्ण' हेच नाव राहिलं. आलेखात दोन वेगळे रंग द्या, मध्ये रेघ तोडा.

आता ४१ वर आकडा का अडकला, हे दाखवायला याच काळातला दुसरा कागद वापरा. २९ जानेवारीला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पहिल्या ४२५ निश्चित रुग्णांचा निबंध आला. त्यात लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेनुसार तीन गट आहेत: १ जानेवारीआधी ४७, १ ते ११ जानेवारी २४८, १२ ते २२ जानेवारी १३०. म्हणजे जाहीर यादीत ४१ होते त्या दिवसापर्यंत, नंतर निश्चित ठरलेल्यांपैकीच २९५ जण आजारी पडून झाले होते. त्या दिवसांत रोग चालतच होता, थांबली होती ती यादी.

यादी थांबण्याचं कारण व्याख्येत आहे. २००३ च्या सार्स साथीनंतर चीनने 'अज्ञात कारणाचा न्यूमोनिया' शोधायची यंत्रणा उभी केली होती. तिच्या अटी: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, एक्स-रे किंवा सीटीत न्यूमोनिया, पांढऱ्या पेशी कमी किंवा सामान्य (किंवा लिम्फोसाइट कमी), आणि ३ ते ५ दिवस प्रतिजैविकं देऊनही उतार नाही. विद्यार्थ्यांना विचारा, या चाळणीतून कोण निसटतं? सर्दी-खोकल्यावर बरा झालेला प्रत्येक जण. वर प्रतिजैविकांची अट असल्यामुळे आजारी पडल्यापासून यादीत यायला काही दिवस ठरूनच जातात.

बाजाराच्या संपर्काचा मुद्दाही इथेच घ्या. त्या ४२५ पैकी १ जानेवारीआधी आजारी पडलेल्यांत ५५ टक्क्यांचा वुहानमधल्या हुआनान मासळीबाजाराशी संबंध होता, नंतरच्यांत ८.६ टक्के. बाजार १ जानेवारीला बंद झाला, म्हणून हा फरक काही अंशी खरा असणार. पण बाजाराशी संबंध असलेलेच रुग्ण आधी शोधले, तर सापडणार तेच. हे चक्र ओळखायला शिकणं मला आर-नॉटच्या सूत्रापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

१५ जानेवारी ते ३ मार्च या काळात चीनने रुग्णव्याख्येच्या सात आवृत्त्या काढल्या. त्यावर लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये नंतर हिशेब आला: पहिल्या आवृत्तीवरून दुसरीवर जाताना सापडणाऱ्या रुग्णांचं प्रमाण ७.१ पट झालं, दुसरीवरून चौथीवर २.८ पट, चौथीवरून पाचवीवर ४.२ पट. २० फेब्रुवारीपर्यंत जाहीर होते ५५,५०८. पाचवी व्याख्या पहिल्यापासून लावली असती आणि चाचण्या पुरल्या असत्या, तर अंदाज २,३२,००० चा होता.

१२ फेब्रुवारीची उडी त्याच जातीची. १४,८४० पैकी १३,३३२ जण चाचणीविना, छातीच्या सीटीवरून आणि लक्षणांवरून 'क्लिनिकली डायग्नोज्ड' म्हणून मोजले गेले. त्यांतले बरेचसे आधीच्या दिवसांचे साचलेले. ते त्या एका दिवसावर टाकलेत की आलेखाला टोक फुटतं, आणि मग मुलं त्या टोकाला अर्थ लावत बसतात.

वर्गात एक गंमत करून घ्या. ६२ वरून १९८ दोन दिवसांत. लॉग घेऊन दुपटीचा काळ काढायला सांगा: सुमारे १.२ दिवस, म्हणजे २९ तास. मग विचारा, दुप्पट काय होत होतं? व्याख्या १८ तारखेलाच सैल झाली होती आणि चाचण्या वाढत होत्या. हा वेग विषाणूपेक्षा मोजणाऱ्यांचा.

---

आकडेमोड

प्रश्न २ आणि ३ घेतो.

उताराचं उत्तर वरच्या तीन आकड्यांतच आहे. ४७, २४८, १३०. शेवटचे दोन गट प्रत्येकी ११ दिवसांचे, तरी तिसरा जवळजवळ निम्मा. साथ ओसरली म्हणून नव्हे. १२ ते २२ जानेवारीत आजारी पडलेले बहुतेक लोक निबंधाची यादी बंद झाली तेव्हा अजून दवाखान्यात पोचलेच नव्हते. त्याच निबंधात हे अंतर दिलंय: लक्षणांपासून पहिल्यांदा डॉक्टरकडे जाईपर्यंत सरासरी ५.८ दिवस (डिसेंबरचे रुग्ण) आणि ४.६ दिवस (१ ते ११ जानेवारीचे). भरती होईपर्यंत १२.५ आणि ९.१ दिवस. त्यावर नमुना, निकाल, नोंद यांचे दिवस.

त्याच दिवशी खरं-खोटं ओळखायचं तर एकच मार्ग: दर संध्याकाळी पूर्ण यादीची प्रत त्या तारखेच्या नावाने वेगळी ठेवायची. कालच्या फाइलवर आज लिहायचं नाही. मग आजच्या प्रतीत '१० तारखेला लक्षणं' असलेले ९ दिसतात, परवाच्या प्रतीत ५ होते, त्याआधी २, असा त्रिकोणी तक्ता तयार होतो: उभे स्तंभ विलंबाचे दिवस, आडव्या ओळी लक्षणाच्या तारखा. त्यावरून किती दिवसांत किती टक्के नोंद पूर्ण होते ते निघतं.

समजा असं निघालं: २ दिवसांत २० टक्के, ५ दिवसांत ५०, ९ दिवसांत ८०, १४ दिवसांत जवळपास सगळे. तर दोन दिवसांपूर्वीच्या तारखेला ६ रुग्ण दिसत असतील तर अंदाज ६ ÷ ०.२० = ३०. पाच दिवसांपूर्वीच्या तारखेला १४ असतील तर २८. दिसणारा आलेख १४ वरून ६ वर कोसळतोय, दुरुस्त केलेला सपाट आहे.

इथे तीन खड्डे आहेत.

एक, भागाकार जितका लहान संख्येने तितका अंदाज डगमगता. ६ च्या जागी योगायोगाने ४ आले तर ३० चे २० होतात. कालच्या तारखेला ५ टक्के नोंद असेल तर तिथे अंदाज छापूच नये. ०.१० च्या खालचं सगळं मी आलेखातून कापतो. काहींना हे कडक वाटतं.

दोन, साथीच्या सुरुवातीला विलंबाचं कोष्टकच चुकतं. पहिल्या दहा दिवसांत २० दिवसांचा विलंब दिसूच शकत नाही, म्हणून सरासरी विलंब खोटा लहान येतो आणि दुरुस्ती कमी पडते. त्यात साथ वाढती असेल तर ताज्या रुग्णांची गर्दी जास्त, त्यांचा विलंब आखूडच दिसणार, म्हणजे चूक आणखी वाढते. साधा उपाय: ज्यांच्या लक्षणांना १५ दिवस उलटलेत तेवढ्यांवरूनच विलंब काढा. रुग्ण कमी उरतील, पण आकडा वाकडा नसेल.

तीन, विलंब स्थिर नसतो. वर बघा, ५.८ चा ४.६ झाला. बातम्या आल्या की लोक लवकर दवाखाना गाठतात. खाटा भरल्या की उशीर होतो. रविवारी आणि सणाला नोंद होत नाही. त्या काळात वुहानमध्ये चिनी नववर्षाची सुट्टी लागली होती, हे मुलांना आठवून द्या.

आता आर. मुलांची चूक नाहीये. दुपटीचा काळ ७.४ दिवस म्हणजे रोजचा वाढीचा दर ०.६९३ ÷ ७.४ = ०.०९४. रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंतचं अंतर, म्हणजे सिरियल इंटरव्हल, सरासरी ७.५ दिवस, प्रमाण विचलन ३.४. आता हे अंतर कशा आकाराचं मानता त्यावर उत्तर बदलतं:

अंतर घातांकी वितरणाचं मानलं तर आर = १ + ०.०९४ × ७.५ = १.७०.
सगळ्यांचं अंतर नेमकं ७.५ दिवस मानलं तर आर = ई चा (०.०९४ × ७.५) वा घात = २.०२.
गॅमा वितरण घेतलं, विचलन ३.४ धरून, तर १.९३.

निबंधात वाढीचा दर ०.१० असा पूर्णांकात दिलाय. तो घेतला तर गॅमाने २.०१. त्यांची मांडणी वेगळी होती, म्हणून २.२, आणि त्यांनी स्वतःच पट्टा १.४ ते ३.९ असा दिलाय. सगळी उत्तरं त्या पट्ट्यात बसतात. चर्चा करायची तर पट्ट्यावर करा, दशांशावर नको.

खरा कमकुवत दुवा वेगळा आहे. ते ७.५ दिवसांचं अंतर फक्त ६ जोड्यांवरून (लागण देणारा आणि घेणारा) काढलेलं, त्यालाही सार्सच्या अनुभवाचा टेकू. उष्मायन काळ (लागण ते लक्षणं) ५.२ दिवस, तो १० रुग्णांवरून. जोड्यांच्या यादीतही तोच गोंधळ: सुरुवातीला दिसतात त्या सहज दिसणाऱ्या, म्हणजे घरातल्या आणि हॉस्पिटलमधल्या. अंतर ५ दिवस धरा, बाकी काही बदलू नका, 'ई चा घात' या सूत्राने आर २.०२ वरून १.६० वर येतो.

उलट बाजूही दाखवा. त्याच साथीवर दुसऱ्या गटाने हुबेईबाहेर गेलेल्या रुग्णांच्या तारखा वापरल्या आणि दुपटीचा काळ २.३ ते ३.३ दिवस, आर ५.७ काढला. एकाच शहराची तीच साथ. फरक कुठल्या खिडकीतून पाहिलं याचा.

---

अंदाजपंचे

चौथा प्रश्न. नावाला जागून हिशेब देतो, पण हा अंदाज पंचे नव्हता.

१७ जानेवारी २०२० ला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने छोटा अहवाल काढला. तोवर चीनबाहेर ३ रुग्ण सापडले होते: थायलंडमध्ये २, जपानमध्ये १. बाकी लागलेले आकडे तीनच.

वुहान विमानतळ वापरणारी लोकसंख्या: १ कोटी ९० लाख.
तिथून परदेशी जाणारे प्रवासी: रोज ३,३०१.
लागण झाल्यापासून रुग्ण ओळखला जाईपर्यंतचे दिवस: १०.

दहा दिवसांत एखादा माणूस परदेशी जाण्याची शक्यता = १० × ३,३०१ ÷ १,९०,००,००० = ०.००१७४. म्हणजे साधारण ५७६ जणांत एक. बाहेर ३ सापडले, तर आत ३ × ५७६, सुमारे १,७२७. अहवालात १,७२३ आहे, पट्टा ४२७ ते ४,४७१. जाहीर आकडा तेव्हा ४१ होता. पाच दिवसांनी बाहेरचे रुग्ण ७ झाले, त्याच रीतीने आतला अंदाज ४,००० झाला.

हे कागद-पेन्सिलीने करून घ्या आणि मग एकेक आकडा हलवायला सांगा. विमानतळाची लोकसंख्या वुहान शहराएवढी, म्हणजे १ कोटी १० लाख घेतली तर १,०००. दिवस १० ऐवजी ८ घेतले तर सुमारे २,१६०. कुठलाही पर्याय घ्या, ४१ जवळ येत नाही. बाहेर ३ सापडलेत आणि आत फक्त ४१ आहेत हे एकत्र बसतच नव्हतं, एवढं त्या दिवशी ठामपणे म्हणता येत होतं. १,७२३ हा आकडा ठाम नव्हता.

गृहीतकं कुठे फाटतात: परदेशी जाणारे आणि वुहानचा सामान्य रहिवासी यांना लागणीची शक्यता सारखी धरली आहे, बाहेरच्या देशांनी प्रत्येक रुग्ण पकडला असं धरलं आहे. दुसरं तर सपशेल चुकीचं. नंतरच्या एका हिशेबात इतर देशांची आयात रुग्ण शोधायची क्षमता सिंगापूरच्या तुलनेत ३८ टक्के निघाली. म्हणजे अंदाज वरच्या दिशेने चुकला नव्हता, खालच्या दिशेने चुकला असणार.

दुसरी खिडकी परत आणलेल्या लोकांची. जपानने २९ ते ३१ जानेवारीत वुहानहून ५६५ नागरिक आणले, सगळ्यांची चाचणी केली, ८ पॉझिटिव्ह: १.४ टक्के. हा टक्का १ कोटी १० लाखांना लावला तर दीड लाख. तेव्हा वुहानची जाहीर संख्या तीन हजारांच्या आसपास. पण थांबा. १ आणि २ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानांनी भारतानेही लोक आणले. मानेसर आणि छावला इथे ठेवलेल्या ६४५ जणांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. एकही नाही. शून्य आलं तरी '३ भागिले तपासलेले' या ठोकताळ्याने वरची मर्यादा निघते: ३ ÷ ६४५ = ०.४७ टक्के. जपानची खालची मर्यादा ०.६ टक्के. दोन पट्टे एकमेकांना शिवतही नाहीत.

मग कोण खरं? दोन्ही. भारतातून गेलेले बहुतांश विद्यार्थी, सुट्टीत कॅम्पसवर बंद. विमानात चढण्याआधी ताप तपासलेला. जपानचे बरेचसे शहरात नोकरी करणारे. विमानातले लोक म्हणजे शहराचा नमुना नव्हे, एवढं यावरून ध्यानात आलं तरी तास वसूल. (आणि भारताचे पहिले तीन रुग्ण, ३० जानेवारीपासून केरळात सापडलेले, तेही वुहानहून परतलेले विद्यार्थीच; ते आधीच नेहमीच्या विमानांनी आले होते.)

---

अनुक्रम

जनुकीय बाजू थोडक्यात, कारण मुलं तिच्याकडून फार अपेक्षा ठेवतात.

पहिला जीनोम ११ जानेवारीच्या सुमारास खुला झाला, लांबी २९,९०३ अक्षरं. या विषाणूत बदल जमतात ते साधारण महिन्याला दोन. जानेवारीच्या मध्यापर्यंत जमलेले जीनोम एकमेकांपासून जेमतेम एक-दोन अक्षरांनी वेगळे होते. त्यातून दोन गोष्टी निघतात: सगळ्यांचा समाईक पूर्वज अगदी जवळचा, नोव्हेंबर-डिसेंबर २०१९ मधला; आणि प्रत्येक रुग्णाला प्राण्यापासून वेगवेगळी लागण होत असती तर विविधता याहून बरीच जास्त दिसली असती. माणसाकडून माणसाला पसरतंय हा इशारा तिथे होता. अधिकृत कबुली २० जानेवारीला आली.

पण कोणाकडून कोणाला लागण झाली, हे त्यातून निघत नाही. दोन बदल महिन्याला आणि साखळीतलं अंतर आठवड्याचं, म्हणजे दोन कड्यांमध्ये बहुधा अर्धा बदल. सलग तीन-चार रुग्णांचे जीनोम अक्षरशः एकच असू शकतात. जीनोमच्या वंशवृक्षावर दोन नमुने शेजारी आले म्हणून बाण काढू देऊ नका. शिवाय एखादा बदल फक्त एकाच प्रयोगशाळेच्या नमुन्यांत दिसत असेल तर आधी त्या प्रयोगशाळेचे प्रायमर (जीनोमच्या प्रती काढायला वापरलेले छोटे तुकडे) आणि कव्हरेज (तो भाग किती वेळा वाचला गेला) तपासा. सुरुवातीच्या जीनोममधले काही 'बदल' असे यंत्राचेच निघतात.

---

जिल्हा_सर्वेक्षण

वरचे सगळे हिशेब यादी धड असेल तरच. मुलांना सूत्रं येतात, यादी येत नाही. सरावाच्या पहिल्या वीस मिनिटांत कोरा तक्ता देऊन स्तंभ ठरवून घ्या. किमान हे हवेत: क्रमांक (नाव नाही), वय, लिंग, राहण्याचं गाव किंवा वॉर्ड, कामाचं ठिकाण, लक्षण सुरू झाल्याची तारीख, पहिल्या तपासणीची, भरतीची, नमुन्याची, निकालाची आणि नोंदीची तारीख, संशयित/संभाव्य/निश्चित, व्याख्येची आवृत्ती, कोणाच्या संपर्कातला (त्याचा क्रमांक), शेवट काय झाला आणि त्याची तारीख.

तारखांचे सात स्तंभ बघून सगळे कुरकुरतात. पण वर आकडेमोड यांनी सांगितलेला त्रिकोणी तक्ता यातल्या दोन स्तंभांवर उभा आहे. लक्षणाची तारीख रिकामी असेल तर रिकामीच ठेवा. तिथे नोंदीची तारीख भरून वेळ मारून नेली की एपि-कर्व्ह खलास.

नेहमी बिघडतं ते इथे: एक्सेल ०३/०४ चा महिना-दिवस उलटा करतं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी मजकूर म्हणून लिहून घ्या. पडताळा सोपा आहे: भरतीची तारीख लक्षणाच्या आधीची असलेल्या ओळी गाळून काढा, उलटलेल्या तारखा बऱ्याचशा तिथे सापडतात. एकाच रुग्णाचं नाव तीन दवाखान्यांतून तीन स्पेलिंगने येतं, मोबाइल नंबर मात्र अख्ख्या घराचा एकच असतो, म्हणून नुसत्या नंबरावर दुबार काढू नका. नंबर + वय + लिंग असं जुळवा. 'राहण्याचं ठिकाण' आणि 'भरतीचं ठिकाण' एकाच स्तंभात आलं की नकाशावर मोठ्या हॉस्पिटलच्या गल्लीत साथ दिसायला लागते.

एक जोड. प्रत्येक नव्या समूहाला आर लावायची घाई नको. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण एकदम वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. आधीच्या संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी हातपाय लुळे पडायला लागतात. तिथे दुपटीचा काळ काढण्यात अर्थ नव्हता. करायचं ते उलट: अशक्तपणा सुरू झाल्याच्या तारखांचा आलेख काढायचा, एक ते तीन आठवडे मागे सरकायचं, आणि त्या पट्ट्यात पाणी कुठून येत होतं ते पाहायचं. त्यासाठी दोन लक्षण-तारखा लागतात, जुलाबाची वेगळी आणि अशक्तपणाची वेगळी. एकच स्तंभ ठेवला की मागे कुठून मोजायचं तेच कळत नाही. शिवाय यादी पुणे महापालिका, नव्याने समाविष्ट गावं, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण अशी वाटलेली. पाण्याची लाइन मात्र हद्द पाळत नाही. आधी याद्या एकत्र, मग नकाशा.

---

पीएसएम_वर्ग

खूप कामाचं. ४७/२४८/१३० वरच पहिला तास लावते. एक राहिलं: मृत्युदर. पहिल्या ४१ जणांच्या लॅन्सेट निबंधात ६ मृत्यू, १५ टक्के. फेब्रुवारीत चीनच्या सीडीसीचा (रोगनियंत्रण केंद्राचा) ४४,६७२ रुग्णांचा अहवाल, १,०२३ मृत्यू, २.३ टक्के. 'उपचार सुधारले म्हणून दर घसरला' असं कोणीतरी म्हणणार.

---

आकडेमोड

दोन्ही आकडे चुकीचे, आणि एकमेकांच्या उलट दिशेला.

४१ मध्ये फक्त भरती झालेले, वर सांगितलेल्या कडक चाळणीतून आलेले. छेद लहान, म्हणून दर फुगलेला. ४४,६७२ मध्ये छेद मोठा, पण अंश अपुरा: लक्षणांपासून मृत्यूपर्यंत सरासरी १८ दिवस जातात, आणि यादीतले बरेच जण त्या दिवशी अजून हॉस्पिटलात होते.

हिशेब करून दाखवा. समजा साथ दर ६ दिवसांनी दुप्पट होते. १८ दिवसांत तीन दुपटी, म्हणजे ८ पट. आज ८०० रुग्ण आणि ८ मृत्यू असतील तर १ टक्का दिसतो. पण ते ८ मृत्यू १८ दिवसांपूर्वीच्या १०० रुग्णांतले: ८ टक्के. याच्या उलट चूकही लोक करतात, मृत्यू भागिले (मृत्यू + बरे झालेले). बरं होऊन घरी सोडायला मृत्यूपेक्षा जास्त दिवस लागत असतील तर हा आकडा सुरुवातीला भीतिदायक येतो.

सार्सचं उदाहरण जोडीला ठेवा, तिथे शेवट माहीत आहे. २००३ च्या वसंतात सुरुवातीला साधा भागाकार ४ टक्क्यांच्या आसपास येत होता. साथ संपल्यावर ८,०९६ पैकी ७७४, म्हणजे ९.६ टक्के. आजार तोच राहिला, मृत्यूच्या नोंदी मागून येऊन पोचल्या.

सरावात एवढं करा: लक्षणाच्या तारखेनुसार आठवड्याचे गट पाडा आणि ज्या गटाला ३० दिवस उलटलेत त्याचाच मृत्युदर काढू द्या. बाकीच्या रकान्यांत 'अजून नाही' असं लिहायला लावा. आणि एपि-कर्व्हचे शेवटचे दहा दिवस राखाडी रंगात छापा, नाहीतर मागच्या बाकावरून 'मॅडम, साथ उतरली' असं ऐकू येईलच.